कोलोनच्या रांगेत बॅटलफील्ड ६

बॅटलफील्ड ६ हा युद्धाचा व्हिडिओ गेम नुसता खेळायचा म्हणून कोणी गेम्सकॉमला, म्हणजे जर्मनीत कोलोनला भरणाऱ्या व्हिडिओ गेमच्या मेळ्याला, जाणार असेल, तर त्याने जाऊ नये. ऑगस्ट २०२५ मध्ये या गेमचा ओपन बीटा, म्हणजे गेम बाहेर येण्याआधीची चाचणीची आवृत्ती, सगळ्यांना फुकट होता, तोही दोन वीकएंड. दुसरा वीकएंड १७ तारखेला संपला आणि २० तारखेला कोलोनमध्ये गेम्सकॉम सुरू झालं. म्हणजे रांगेतल्या बहुतेकांनी हा गेम घरी, आपल्या खुर्चीत बसून, आपल्या माउसवर मनसोक्त खेळून घेतला होता. तरीही दुपारी स्टॉलसमोर ‘इथून तीन तास’ अशी पाटी होती आणि पाटीच्या मागेही माणसं उभी होती. ही माणसं बघायला आणि त्यांच्यात उभं राहायला जायचं असेल तर जरूर जा. पुढचं सगळं तुमच्यासाठीच.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि पुण्याहून आलेला मावसभाऊ. रविवारी रात्री गेममध्ये आमचा स्क्वॉड, म्हणजे तुकडी, जमते ती हीच. बायको स्नायपर, मावसभाऊ कायम इंजिनिअर, कारण त्याला रणगाडा दुरुस्त करण्यात जो आनंद मिळतो तो कोणाला मारण्यात मिळत नाही. बॅटलफील्डचा स्क्वॉड चौघांचा असतो, त्यामुळे चौथी जागा आमच्याकडे नेहमी रिकामीच असते आणि तिथे जगातलं कोणीही येऊन बसतं.

गेम्सकॉम २००९ पासून कोलोनला भरतं. त्याआधी असाच मेळा लाइपत्सिगला भरायचा. २०२५ मध्ये ३ लाख ५७ हजार लोक आले. उद्घाटनाचा ‘ओपनिंग नाइट लाइव्ह’ हा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी असतो आणि त्याचं तिकीट वेगळं. तिथे २०२५ मध्ये सुरुवातच कॉल ऑफ ड्युटी: ब्लॅक ऑप्स ७ या प्रतिस्पर्धी गेमने झाली. बॅटलफील्डवाल्यांनी त्यावर काय शेरेबाजी केली ते इथे लिहीत नाही. हा कार्यक्रम मी घरी सोफ्यावर बसून बघितला आणि तुम्हालाही तेच सुचवेन, कारण तो इंटरनेटवर फुकट दिसतो आणि तिथे खेळायला काही मिळत नाही.

तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि ते विशिष्ट दिवसाचं असतं. दारात मिळेल या भरवशावर येऊ नका. शनिवार सगळ्यात आधी संपतो, आणि संपला नाही तरी शनिवारी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बुधवार मुख्यतः धंद्यातल्या लोकांचा आणि पत्रकारांचा. आपल्यासाठी गुरुवार बरा. गर्दी तेव्हाही असतेच, पण शाळकरी पोरांचे जथे आणि बाहेरगावची कुटुंबं वीकएंडला येतात.

राहायला कोलोनमध्ये हॉटेल शोधू नका. प्रदर्शनाच्या आठवड्यात दर असे चढतात की त्या पैशात ग्राफिक्स कार्डाचा हप्ता जाईल. नदीपलीकडच्या डॉइट्झ भागात प्रदर्शनाच्या अगदी जवळ युथ हॉस्टेल आहे, पण तिथे जागा मिळायची तर फार आधी बघावं लागतं. जवळपासचं बॉन, ड्युसेलडॉर्फ, लेव्हरकुसेन यातलं काहीही चालेल. ड्युसेलडॉर्फ आणि लेव्हरकुसेनहून एस६ लोकल थेट कोलोन मेसे/डॉइट्झ स्टेशनला सोडते. आखेनहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आरई (प्रादेशिक) गाड्या आहेत, साधारण तासाभराचा रस्ता. महिन्याचं डॉइशलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा पास, असेल तर यातल्या कशालाच वेगळे पैसे लागत नाहीत. ते २०२५ मध्ये ५८ युरोला होतं, २०२६ पासून ६३ झालंय. पाहुण्यासाठीही तेच काढून टाका. फक्त ते आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतं, त्यामुळे रद्द करायची तारीख काढतानाच बघून ठेवा.

आता वयाचं. जर्मनीत याबाबत अजिबात चालढकल नाही. आत गेल्यावर ओळखपत्र दाखवून मनगटावर रंगीत पट्टी बांधून घ्यायची: १२ वर्षांवरच्यांची, १६ वर्षांवरच्यांची आणि १८ वर्षांवरच्यांची वेगळी. नेमबाजीच्या मोठ्या गेमचे स्टॉल बहुतेक १६ किंवा १८ चे, आणि १८ च्या स्टॉलला चारही बाजूंनी भिंती असतात, आतला पडदा बाहेरून दिसू नये म्हणून. आमच्या पुढे एक दाढीवाला गृहस्थ होता, केस कानाशी पांढरे झालेले. पट्टी नव्हती म्हणून त्याला परत पाठवलं. तो हसत होता, पट्टी तपासणारी पोरगी हसत नव्हती. तेव्हा आत शिरल्याबरोबर पहिलं काम पट्टीचं. पासपोर्ट किंवा निवास परवान्याचं कार्ड मूळ घ्या. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

नेमबाजीच्या गेमचे चाहते म्हणून आणखी एक गोष्ट आपल्यालाच जास्त लागू पडते. मावसभावाचा बेत पूर्ण वेशात यायचा होता: हेल्मेट, जॅकेट आणि हातात खरी वाटेल अशी एअरगन. मी फोनवरच त्याला थांबवलं. खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी नकली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगायला जर्मन शस्त्रकायद्यात बंदी आहे, आणि २०१६ पासून गेम्सकॉमनेही अशा वस्तूंना मनाई केलेली आहे. ‘दादा, बंदूक नाही तर मी सोल्जर कसला, सिक्युरिटी गार्ड दिसेन,’ असं तो म्हणाला. मग त्याने पान्ह्याचं चित्र असलेला टीशर्ट घातला आणि रांगेतल्या दोघांनी तो बघून ‘इंजिनिअर!’ म्हणून अंगठा दाखवला, तेव्हा त्याचं समाधान झालं. वेश करायचाच असेल तर वस्तूंची नियमावली गेम्सकॉमच्या संकेतस्थळावर असते. ती दर वर्षी वाचा. बॅगेच्या आकाराचे नियमही तिथेच मिळतील. आम्ही एकच छोटी सॅक नेली आणि तपासणीतून लवकर सुटलो.

दारं उघडायच्या तासभर आधी पोचा आणि कुठल्या स्टॉलकडे जायचं हे आदल्या रात्री नकाशावर ठरवून ठेवा. दार उघडलं की सगळे भराभर चालत सुटतात. पळायला परवानगी नाही, म्हणून एक विचित्र चाल असते सगळ्यांची, ऑफिसला उशीर झालेल्या माणसाची. बरेच जण वाटेत कुठल्यातरी मोठ्या पडद्यासमोर थबकतात. तिथे थबकू नका. एका दिवसात मोठ्या रांगेचा एकच गेम होतो. दोन जमले तर नशीब समजा. उरलेला वेळ छोट्या, स्वतंत्र गेमच्या स्टॉलना द्या. तिथे रांग जवळपास नसते आणि गेम बनवणारा माणूस स्वतः शेजारी उभा राहून सांगतो. काही मोठे स्टॉल ॲपवरून आधी वेळ देतात, तेव्हा ॲप घरूनच उतरवून घ्या, कारण आत नेटवर्क रडतं. आणि संध्याकाळी उशिरा रांगेत शिरण्याचा विचार सोडा. त्या दिवशीचे खेळ पुरे झाले की रांगेचं तोंड बंद करतात, मग कितीही विनवण्या केल्या तरी कोणी ऐकत नाही.

रांगेत बसायला पुठ्ठ्याचं घडीचं स्टूल मिळतं. ही गेम्सकॉमची खास चीज. वेगवेगळ्या कंपन्या आपली जाहिरात छापून ती फुकट वाटतात, आणि दुपारपर्यंत ती वस्तू अशी दुर्मीळ होते की लोक टॉयलेटला जाताना ती काखेत मारून नेतात. सपाट पुठ्ठा मिळतो, घड्या घालून खाच खाचेत बसवायची. बायकोने ते एका दमात बसवलं. मी बसवलेलं डगमगत होतं, म्हणून तेही तिनेच सोडून पुन्हा घातलं. दिसल्याबरोबर घ्या, नंतर घेऊ म्हणू नका.

आणि या स्टुलावर बसूनच आमचा चौथा भेटला. डॉर्टमुंडचा, पेशाने नर्स, रात्रपाळी संपवून तसाच आलेला. २००२ च्या बॅटलफील्ड १९४२ पासून खेळतोय म्हणाला. तेव्हा त्याचा भाऊ आणि तो एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने खेळायचे. बीटामधल्या रिकॉइलवर, म्हणजे बंदुकीच्या झटक्यावर, त्याची आणि मावसभावाची अशी जुंपली की रांग दोनदा पुढे सरकली तरी दोघांना पत्ता नाही. एक जर्मन वळणाचं इंग्रजी बोलतोय, दुसरा सिंहगड रोडचं. एरवी हेडसेटमधून आपल्याला शिव्या देणारी माणसं ती हीच, आणि समोर बसली की बिस्किटं देतात. (त्याला आम्ही बाकरवडी दिली. दुसऱ्यांदा त्याने मागून घेतली.)

प्रत्यक्ष खेळ एका फेरीचा. आत नेतात, एका पडद्यावर काय करायचं ते सांगतात, मग ओळीने मांडलेल्या कॉम्प्युटरांवर बसवतात. एकत्र खेळायचं असेल तर दारात मोजताना चौघं सलग उभे राहा, मध्ये कोणाला शिरू देऊ नका. बसल्याबरोबर सेटिंग्जमध्ये जाऊन माउसची सेन्सिटिव्हिटी (हात किती हलवला की नजर किती वळते ते) बदला. घरचा आकडा फोनमध्ये लिहून आणा. तिथला माउस दुसरा, त्याचा डीपीआय, म्हणजे मुळातला वेग, दुसरा, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण निदान भिंतीकडे बघत गरगर फिरणार नाही. आमच्या समोरच्या ओळीतला एक जण अर्धी फेरी आकाशाकडेच गोळ्या झाडत होता.

खेळाबद्दल थोडक्यात. जखमी सोबत्याला ओढत आडोशाला नेऊन उठवायची सोय बॅटलफील्डच्या या भागात आहे, आणि स्क्वॉडमधला कोणीही ते करू शकतो, सपोर्टची (मदतनीस सैनिकाची) वाट बघावी लागत नाही. आमच्या नर्सने धंद्याला जागून दुसरं काहीच केलं नाही. मी पडलो की हा हजर. एकदा मावसभाऊ हेडसेट घातल्यामुळे स्वतःचा आवाज न कळून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, ‘वहिनी, मागे! मागे बघा ना!’ वहिनीने मागे वळून हेडशॉट मारला. पलीकडच्या ओळीतून कोणीतरी टाळी वाजवली आणि मराठीतच ‘लय भारी’ म्हणाला. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेर पडेपर्यंत पुढची तुकडी आत आली होती.

बाकी सटरफटर. हॉलमध्ये आवाज प्रचंड असतो, कानात घालायचे बोळे न्या. ऑगस्टात आत उकडतं. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली न्या, काचेची नको, आणि विकत घेतलेल्या बाटल्या-कॅन फेकू नका, बहुतेकांवर २५ सेंट अनामत असते, ती परत मिळते. आतलं खाणं महाग आणि शाकाहारी माणसाची मजल बटाट्याच्या पलीकडे फारशी जात नाही. टीशर्ट आणि बाहुल्यांच्या हॉलमध्ये सकाळी जाऊ नका, तो वेळ रांगेचा आहे. तिथे शेवटच्या तासात जा. बंद व्हायच्या वेळी डॉइट्झ स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा सरळ होहेनझोलर्न पुलावरून चालत नदी ओलांडा. पंधरा-वीस मिनिटांत मुख्य स्टेशन येतं आणि तिथे गाडीत बसायलाही मिळतं. वीकएंडला गावात गेम्सकॉमचाच फुकट सिटी फेस्टिव्हल असतो. पायात जीव असेल तर तोही बघा, आमच्या नव्हता.

गेम १० ऑक्टोबर २०२५ ला बाहेर आला आणि पहिल्या तीन दिवसांत ७० लाखांहून जास्त प्रती खपल्या. चौथी जागा आता डॉर्टमुंडकडे आहे, रात्रपाळी नसेल तेव्हा. मावसभाऊ मात्र परत गेल्यापासून पुण्यातल्याच सुपरगेमिंग या कंपनीच्या ‘इंडस’ या गेमबद्दल बोलत असतो. त्यांचा असा मोठा स्टॉल कोलोनला लागला तर तो पुन्हा येणार म्हणे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी: पुढचं गेम्सकॉम २६ ते ३० ऑगस्ट २०२६. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून. मोठ्यांची फी ९० युरो, शिवाय किमान ३० हजार युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. मे-जूनमध्ये सगळा देश युरोपला निघालेला असतो आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्येच उरकून घ्या. मावसभावाने अर्जात कारण ‘पर्यटन’ लिहिलं आणि सोबतच्या पत्रात आमच्याकडचा मुक्काम आणि परतीचं विमान तारखेनिशी दिलं. विमान फ्रँकफर्टचं घेतलंत तर विमानतळावरूनच कोलोनची आयसीई ही जलद गाडी मिळते, तासाभरात पोचवते, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या डॉइट्झलाच थांबतात. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट बघा.