चिलटांची वही : झाकलेली बाग, उघडी बाग

तासगाव तालुक्यात आमच्या चुलत्यांच्या दोन द्राक्षबागा शेजारी शेजारी आहेत, मधे फक्त ट्रॅक्टरची वाट. यंदा एकीवर प्लॅस्टिक आच्छादन, दुसरी उघडी. दोन्हीकडे थॉमसन जातीची द्राक्षं, फळछाटणी एकाच आठवड्यातली. मग मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ नि गोड व्हायला लागल्यापासून, दर रविवारी चिलटं मोजायला लागलो.

सापळा साधाच. अर्ध्या लिटरची बाटली, वर तापल्या सुईने पाडलेली भोकं, आत पिकलेलं केळं आणि चिमूटभर यीस्ट. (आंबा-पेरूच्या फळमाशीचे मिथिल युजेनॉलचे सापळे इथे चालत नाहीत, ती माशीच वेगळी.)

पहिले दोन रविवार झाकलेल्या बागेत जास्त भरली. आत ऊब, वारा कमी, म्हणून असणार असं मी वहीत लिहूनही टाकलं. तिसऱ्या रविवारी काकू म्हणाल्या, "अरे, सडके मणी तिथंच तर टाकतोय आम्ही." बाटली उकिरड्यापासून चार पावलांवर होती! दोन्ही बाटल्या मधल्या ओळीत नेल्या आणि झाकलेल्या बागेतला आकडा झपकन उतरला. आधीची दोन पानं बाद केली.

मग अवकाळी आला. उघड्या बागेत मणी तडकले. पुढच्या रविवारी फरक जेमतेमच, पण त्याच्या पुढच्या रविवारी बाटली काळी झाली. पंचवीस अंशाला अंड्यापासून माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात, हिशेब बरोबर जुळतो: तडकलेल्या मण्यांतच ही पिढी वाढली. झाकलेल्या बागेत मणी कोरडे राहिले, चिलटंही कमीच. फक्त प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांच्या फटीतून जिथे पाणी गळलं, तिथल्या घडांवर घोंगावत होती.

भिंगाखाली बहुतेक साधी मेलॅनोगास्टर, म्हणजे पिकल्या फळांवरचं नेहमीचं चिलट. डोक्या-पाठीवर चंदेरी पट्टे असलेली झाप्रिओनस इंडियानस लगेच ओळखू येते. एका नराच्या पंखावर मात्र काळा ठिपका दिसला आणि छातीत धडधडलं, धड फळही नासवणारी सुझुकी जात की काय! पण बायआर्मिप्स या दुसऱ्या जातीच्या नरालाही ठिपका असतो आणि ती आपल्याकडचीच. सुझुकीच्या मादीचा अंडी घालायचा अवयव करवतीसारखा दातेरी असतो, म्हणून साल कापून धड मण्यातही तिची अंडी जातात. माझ्या बाटलीतल्या एकाही मादीला तसे दाते नव्हते. वहीत फक्त 'ठिपकेवाला नर' लिहिलं.

या रविवारपासून प्रत्येक बागेत तीन-तीन बाटल्या आणि फटीखाली एक वेगळी. सडके मणी काका आता खड्ड्यात पुरताहेत. द्राक्षं काढल्यानंतरच्या खरड छाटणीपर्यंत मोजणार.