एकाच घरात वाढलात ना?

तुम्ही विचारलंत म्हणून. तसं वर्षातून चार-पाच वेळा कुणी ना कुणी विचारतंच, आणि मी दर वेळी विषय बदलते. प्रश्न ठरलेला: ‘तू आणि तुझा दादा एकाच आईबापांची मुलं, एकाच घरात वाढलात. मग तू एवढी शिकलीस आणि तो कारखान्यातच कसा राहिला?’ विचारणाऱ्याचं उत्तर प्रश्नातच दडलेलं असतं. घर तेच, परिस्थिती तीच, म्हणजे फरक माणसाचा.

या वेळी विषय बदलत नाही.

मी कष्ट केले. शिकवण्या घेत, रात्री जागून शिकले, आणि कुणी ते नुसतं नशीब म्हटलं तर मला आजही राग येतो. दादाने कष्ट केले नाहीत असं सुचवलं की त्याहून जास्त येतो. सोळाव्या वर्षापासून तो वेल्डिंगच्या ठिणग्यांसमोर उभा आहे.

आता त्या ‘एकाच घरा’बद्दल. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बाबांचा धंदा बुडाला तेव्हा तो शाळेच्या शेवटच्या वर्षांत होता. दारावर थाप पडली की ‘बाबा घरी नाहीत’ हे सांगायला त्याला पुढे केलं जायचं. बाबा आतल्या खोलीत असायचे. मला यातलं जेमतेम आठवतं. मला नीट कळायला लागलं तोवर कर्ज बरंचसं फिटलं होतं, आणि ते फेडण्यात दादाचा पगार होता. आमचा पत्ता एक होता, पण त्याच्या सोळाव्या वर्षीचं घर आणि माझ्या सोळाव्या वर्षीचं घर यांत फार कमी सारखं होतं.

अभ्यासकांचीही इथे बरीच वर्षं फसगत झाली होती. बापाच्या कमाईचा मुलाच्या कमाईशी किती संबंध, हे ते बापाच्या एखाद्याच वर्षाच्या उत्पन्नावरून मोजत. ० म्हणजे काहीच संबंध नाही. अमेरिकेत तो आकडा ०.२ च्या आसपास, म्हणजे किरकोळ येई. १९९२ मध्ये गॅरी सोलोन या अर्थशास्त्रज्ञाने अनेक वर्षांची सरासरी धरली, तेव्हा तो ०.४ च्या घरात गेला. एका वर्षावरून घर कळत नाही.

तुमच्या बाजूचंही सांगते, लपवत नाही. भावाभावांच्या कमाईतलं साम्यही मोजलेलं आहे. ० म्हणजे दोन अनोळखी माणसांइतकंच, १ म्हणजे तंतोतंत. अमेरिकेत ते साधारण ०.४ ते ०.५ भरतं. म्हणजे कमाईतली निम्मी किंवा त्याहून जास्त तफावत एकाच घरातल्या भावांमध्येही सापडते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी गप्प बसले. तुमचंच खरं की काय, असं वाटलं. पण त्या उरलेल्या निम्म्यात नुसती माणसाची जिद्द नाही. घराची वाईट वर्षं कुणाच्या वाट्याला आली, आधी कुणाचा नंबर लागला, हेही त्यातच आहे.

आमच्यात आधी दादाचा नंबर लागला.

त्याला पदविकेला प्रवेश मिळाला होता. शाळेत त्याला माझ्याहून जास्त गुण होते, हे इथे लिहूनच ठेवते. फी भरायचा शेवटचा दिवस. आई कामावर, म्हणून मलाही त्याच्याबरोबर धाडलेलं. मी नऊ वर्षांची. बाबा पैशांसाठी कुणाकडे तरी गेले होते, परस्पर तिथेच यायचे होते. आम्ही रांगेत उभे राहिलो. खिडकीपाशी नंबर आला की दादा मागच्याला म्हणायचा, ‘तुम्ही व्हा पुढे,’ आणि आम्ही पुन्हा शेवटी जाऊन उभे राहायचो. मला तो खेळ वाटला. तिसऱ्या-चौथ्या वेळी मीच मोठ्याने म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे!’ तो हसला नाही. हळूहळू आमच्यामागे कुणीच उरलं नाही. दादा खिडकीपासून दोन पावलं लांब उभा राहिला, अर्जाची घडी घालत आणि उलगडत. आतल्या माणसाने एकदा पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. बाबा आले तेव्हा अंधारायला लागलं होतं, आणि त्यांच्याकडे निम्मेच पैसे होते. कुणी काही बोललं नाही. येताना दादाने मला पाठुंगळी घेतलं. पाठुंगळी बसायचं माझं वय उरलं नव्हतं खरं तर.

नऊ वर्षांनी माझी फी. पैसे तेव्हाही कमी पडले. मी रांगेतून बाहेर पडत होते, तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला दादा म्हणाला, ‘थांब. आत जाऊन विचारू.’ आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, हप्त्यांनी भरता येते, प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. दहा मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर मी आनंदात काहीबाही बोलत होते. दादा म्हणाला, ‘तेव्हाही असेल का गं ही सोय?’

मला उत्तर देता आलं नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लारो यांनी १९९० च्या दशकात बारा कुटुंबांच्या घरी जाऊन-येऊन मुलं कशी वाढतात ते पाहिलं. सुस्थितीतल्या घरांतली मुलं डॉक्टरांना, शिक्षकांना प्रश्न विचारायला लहानपणीच शिकतात. नियम आपल्यासाठी थोडा वाकू शकतो, हे ती गृहीतच धरतात. कामगारांच्या आणि गरिबांच्या घरांतली मुलं खिडकीशी गप्प उभी राहतात. मला आत जायला दादाने शिकवलं, आणि दादाला बंद खिडकीने. माझ्या घरात दादा होता. त्याच्या घरात नव्हता.

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क अशा नॉर्डिक देशांत भावाभावांच्या कमाईतलं ते साम्य ०.२ च्या आसपास आहे. म्हणजे कुठल्या घरात जन्मलात यावरून तिथे कमाई कमी ठरते. तिथल्या आईबापांना मुलांची काळजी कमी नसते. तिथे शिक्षणाची फी घराच्या खिशावर टाकलेली नाही. एवढ्याने सगळं होतं असं मी म्हणत नाही. पण ती खिडकी तरी मध्ये येत नाही.

आणि फक्त पगाराचं बोलून भागत नाही. ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट या आरोग्य-संशोधकाने सरकारी नोकरांचा अभ्यास केला. सगळे पगारदार, कुणी उपाशी नाही. तरी सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या जवळपास तिप्पट, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर फरक. दादाची पाठ गेली आहे, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. तो म्हणतो, वयाचं आहे. मी त्याच्या वयाची होईन तेव्हा बघू.

एकदा माझा सत्कार झाला. मी चोवीस वर्षांची होते, आणि भाषणात म्हणाले, ‘परिस्थिती ही सबब असते.’ टाळ्या पडल्या. दादा तिसऱ्या रांगेत होता. येताना म्हणाला, ‘छान बोललीस.’ त्या चोवीस वर्षांच्या मुलीशी मी अजून भांडते. ती विचारते, मी जागले नव्हते का? मी म्हणते, जागलीस. ती म्हणते, मग? तिथे मी अडते.

मागच्या वर्षी धीर करून दादाला त्या दिवसाबद्दल विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘खिडकी बंद झाली ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.’

तुम्ही म्हणाल, बघा, त्यालाच शिकायचं नव्हतं. मला त्यात दिवसभर लोकांना पुढे घालून थकलेला सोळा वर्षांचा मुलगा दिसतो. पण मी त्याला पुढे काही विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही.