एकलकोंड्याला शेजारी शोधताना

आज भाच्याबरोबर मासे बघायला गेलो. त्याच्याकडे बेटा जातीचा एक निळा नर मासा आहे, आता त्या माशाला म्हणे मित्र हवेत. दुकानदाराने लगेच गप्पी पुढे केले. मी नको म्हटलं. रंगीत, झुलत्या शेपटीचा गप्पी बेटाला दुसरा नर बेटाच वाटू शकतो. मग कल्ले फुलवून अंगावर जाणारच. टायगर बार्बचं उलटं, तेच याचे पर कुरतडतील. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, याला २५-२७ अंश. आणि दोन नर एकत्र? विषयच नाही. थायलंडमध्ये झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या वाढवलेली जात आहे ही. (२०१९ मध्ये तिथला राष्ट्रीय जलचर झाला, ते वेगळं.)

मला कोरीडोरास मासे आवडले असते. गरीब बिचारे तळाशी हुंगत फिरतात, बेटा वरच्या थरात. पण त्यांना निदान सहाजणांचा घोळका लागतो आणि भाच्याची टाकी जेमतेम २० लिटरची. म्हणून एकच नेराइट गोगलगाय घेतली. तिच्यावरही लक्ष ठेवावं लागेल, काही बेटा गोगलगायीची शिंगंसुद्धा ओढतात.

"मामा, पण तो एकटा बोअर होत नसेल?"

म्हटलं, घरी गेल्यावर त्याला मिनिटभर आरसा दाखव, मग विचार.