दर तिसऱ्या पाण्याला

नळाला पाणी आलं की आमच्या घरात पळापळ सुरू होते. आई टाकी, पिंप, हंडे, पातेली काय हाताला लागेल ते भरत सुटते, बायको कपड्याचं मशीन लावते, आणि दर तिसऱ्या पाण्याला मी स्टूल घेऊन एसीचा फिल्टर काढायला चढतो. सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणलं की पुण्याचे पाहुणे हळहळतात, पण त्याचा हा एक फायदा झालाय बघा. उन्हाळ्यात पंधरा दिवसातनं एकदा फिल्टर धुवावा हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही, पण पाण्याचा दिवस कोण विसरतंय? तीन पाणी म्हणजे पंधरा दिवस, हिशोब चोख. एसीला अकरावं वर्ष लागलंय.

आम्ही राहतो पूर्व भागात, आसपास अजून थोडे पॉवरलूम खडखडतात. त्यामुळं फिल्टरवर नुसती धूळ नसते, तिच्यात कापसाचे बारीक तंतू मिसळून एक करडी गोधडीच तयार झालेली असते, हातानं सोलून काढावी अशी. ती तशीच राहिली तर आतल्या कॉइलवरनं हवाच जात नाही, मग कॉइलवर बर्फ धरतो, आणि बाहेर 43 डिग्री असताना आपल्या एसीत बर्फ बघून काही लोक खूषही होतात. तो बर्फ म्हणजे कॉम्प्रेसरच्या आजारपणाची सुरुवात असते हे मेकॅनिकचं बिल आल्यावर कळतं.

शेजारचे काका सूतगिरणीत फिटर होते. ते सांगतात, हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटायचं, म्हणून खात्यात पाण्याचे बारीक फवारे सोडायचे. मी एकदा असंच शोधत बसलो तर कळलं की ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच मुळी कापडगिरणीतला, 1906 मध्ये अमेरिकेतल्या स्टुअर्ट क्रॅमर नावाच्या इंजिनिअरनं गिरणीतल्या हवेला दमट करायच्या कामासाठी वापरलेला. त्याच्या आधी 1902 मध्ये विलिस कॅरिअरनं मशीन बनवलं ते छापखान्यातल्या कागदासाठी. म्हणजे आधी सूत, आधी कागद, माणसाचा नंबर नंतर. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग? सुताची काळजी मालकाला असते, कामगाराला कोण फॅन देतंय बे." 1877 ला जुनी मिल सुरू झालेल्या गावात यावर वाद घालायला मी काय वेडा नाही.

काकांमुळंच माझे पैसे वाचले. दोन वर्षं लागोपाठ एक मेकॅनिक यायचा, कानाला लावावा तसा हात पाईपाला लावायचा आणि म्हणायचा, "मालक, गॅस संपलाय." आणि मी येड्यासारखा पैसे मोजायचो. तिसऱ्या वर्षी काका म्हणाले, "अरे गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद पाईपात गोल फिरतोय तो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतंय, आधी ते शोध म्हणावं त्याला." दुसरा माणूस बोलावला, त्यानं साबणाचा फेस लावला, आऊटडोअरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याच्या, एका नटापाशी बुडबुडे आले. नट बसवला, गॅस भरला, त्याला आता चार वर्षं झाली.

पण शहाणपणा सगळा माझ्याकडंच आहे असं नाही. एका हिवाळ्यात आईनं गच्चीवरच्या आऊटडोअरला धुळीपासनं जपायला जुनी सोलापुरी चादर गुंडाळून दोरीनं करकचून बांधली. मोराची डिझाइन, रंग उडालेली, पण अजून मजबूत. मार्च उजाडला, मी ऑफिसातनं तापून आलो आणि थेट रिमोट दाबला. दहा मिनिटं गार, मग कोमट, मग बंद. आऊटडोअरचं सगळं कामच घरातली उष्णता बाहेर फेकायचं, ते बिचारं चादरीत कोंडून आपलीच वाफ परत घेत होतं. नशिबानं जास्त तापल्यावर ओव्हरलोडच्या स्विचनं कॉम्प्रेसर आपोआप बंद केला म्हणून तो वाचला. आता वरनं फक्त पत्रा टाकलाय सावलीला, चारी बाजू मोकळ्या. आणि बोअरचं पाणी त्याच्यावर अजिबात मारू देत नाही, एवढं क्षाराचं पाणी की जाळीवर पांढरी रांगोळी उठते.

पोरगं मात्र ऐकत नाही. आलं की सोळा. त्याला वाटतं सोळावर टाकलं की लवकर गार होतंय. आमचा जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी, त्याचा कॉम्प्रेसर सोळालाही तेवढंच पळतो आणि चोवीसलाही तेवढंच, फक्त सोळावर थांबायचं नावच घेत नाही. सरकारनं 2020 पासनं नव्या एसींना 24 चं डिफॉल्ट, म्हणजे चालू केला की आपोआप 24 वर, लावलंय ते उगाच नाही. दुसरी सवय म्हणजे लाईट गेली आणि आली की लगेच ऑन. पाईपातलं प्रेशर सारखं व्हायला तीन मिनिटं तरी द्यावीत, त्यात संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांचे एसी एकदम सुरू, व्होल्टेज पार खाली. स्टॅबिलायझर टिकटिक करून वैतागतो, पोरगं वैतागतं, मी वैतागतो.

आईचा एसीवर पहिल्यापासनं राग. बिल किती, सांधे धरतात, फॅन काय वाईट आहे. पण ड्रेनच्या पाईपाखाली बादली तिनंच ठेवलीय. त्या पाण्यानं फरशी पुसायची, कुंड्यांना घालायचं, फिल्टरची पहिली धूळही त्यातच धुवायची. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की रात्रभर चालवला तरी अर्धी बादली भरत नाही, आणि ती रोज सकाळी जाऊन बघते, दूधवाल्यानं माप कमी घातल्यासारखं तोंड करून.

परवा संध्याकाळी वळीव पडला. धो धो, पत्रे वाजवत. हवा गार झाली म्हणून मी एसी बंद करायला उठलो तर आई गॅलरीतनं आत आली, दुसरी रिकामी बादली घेऊन.

"राहू दे की चालू," म्हणाली, "एक भरलीय आत्ताच. पाण्याला अजून तीन दिवस आहेत."