तो न धुतलेला टॉवेल

परवा माझा जनावरांचा दवाखाना आवरताना आमच्या मदतनीस मामांनी विचारलं, "साहेब, मखमलाबादच्या लॅब्रॅडॉरचं ते एक पिल्लू कशानं गेलं हो?" मी म्हणालो, "आईनं चावलं." त्यात खोटं काही नाही. पण तेवढ्यावर मला झोप लागत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी हे लिहायला बसलोय.

रुबी. पिवळी लॅब्रॅडॉर, 14 महिन्यांची, पहिलटकरीण. दुसऱ्याच हीटला, म्हणजे माजाला, क्रॉस केलेली. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांत मादी किमान 18 महिन्यांची हवी असं लिहिलंय, पण ते ब्रीडरांसाठी. घरच्या कुत्रीचं वय विचारायला कोण जातंय! कारण नेहमीचंच: "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर कुत्री आजारी पडते." याला वैद्यकात काडीचा आधार नाही. आठवड्यातून दोनदा तरी मी हे सांगतो, लोक मान डोलावतात आणि बाहेर जाऊन नर शोधतात.

रात्री आठला ते तिला घेऊन आले तेव्हा खालून हिरवट काळं पाणी जात होतं आणि पिल्लू एकही बाहेर नव्हतं. पहिलं पिल्लू यायच्या आधी हिरवं दिसलं, की आत कुठेतरी गर्भाशयाला चिकटलेली वार सुटायला लागली असं समजायचं आणि घड्याळाकडे बघायचं थांबवायचं. सिझेरियन केलं. सात पिल्लं निघाली, सहा जिवंत.

सिझेरियनमध्ये पोट उघडल्यावर जे होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. माझे दोन्ही हात आत असतात. पिल्लू पिशवीसकट बाहेर येतं, मी पडदा फाडतो, नाळेला चिमटा लावतो आणि पिल्लू मागे देतो. मागे काय चाललंय ते मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. टॉवेलने खसाखसा चोळल्याचा आवाज, मग एक बारीक चीं. ती चीं आली, की पुढच्याकडे वळायचं. मामा या कामात वाकबगार आहेत. सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलंय, त्यातली बरीच माझ्या आधीच्या डॉक्टरांकडे. त्यांच्या हातून जिवंत झालेली पिल्लं मी मोजत नाही.

टाके घालून मागे वळलो तर सहाच्या सहा पिल्लं खोक्यात ओळीने, कोरडी, जावळ फुललेलं. आणि दवाखानाभर डेटॉलचा वास. मामांनी कोमट पाण्यात दोन टोपणं टाकून सगळ्यांना आंघोळ घातली होती. "एकदम चकाचक," म्हणाले. मला खटकलं. तोंड उघडलं नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पाठ गेली होती, आणि ज्या माणसाने सहा जीव वाचवले त्याला त्याच मिनिटाला काय बोलणार?

रुबी गुंगीत असतानाच एकेकाला सडाला लावून चीक पाजला. हे मी कधी चुकवत नाही. चिकातली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जाते ती पहिल्या काही तासांत. 24 तासांनी ते दार बंद होतं. दीड वाजता रुबी उभी राहिली, चार पावलं चालली, घरी पाठवली. थांबवून घ्यायला हवी होती. पूर्ण शुद्धीत आल्यावर ती पिल्लांशी कशी वागते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाठवायचं नाही, हे मीच शिकाऊ पोरांना सांगतो.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन. "डॉक्टर, ती पिल्लांना खायला उठलीय!"

गंगापूर रोडवरून चोपडा लॉन्सचा पूल ओलांडला तेव्हा गोदावरीवर धुकं इतकं, की पुलाचा कठडासुद्धा दिसत नव्हता. डिसेंबरातली नाशिकची थंडी. स्प्लेंडरवर हात बधिर झाले. मखमलाबादच्या बाजूला वळल्यावर द्राक्षबागांमधून धूर वर येताना दिसला. या दिवसांत पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. रुबीचे मालक दादाही साडेचारला त्याच कामाला गेले होते. पिल्लं आणि आई हॉलमध्ये, पंख्याखालच्या फरशीवर, एका चादरीवर. द्राक्षाला शेकोटी होती, पिल्लांना नव्हती. हे मी त्यांना टोमणा म्हणून बोललो नाही, पण मनात आलं ते आलं.

हॉलमध्ये अकरा माणसं. शेजारची पोरं मोबाइलचा टॉर्च मारून बघताहेत, कुणीतरी व्हिडिओ काढतंय. रुबी टीव्हीच्या कोपऱ्यात, अंग चोरून, कान मागे, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. पिल्लं खोक्यात. एक वेगळं, कापडात गुंडाळलेलं. डोक्याला दातांच्या दोन खुणा. गेलेलं होतं.

आधी माणसं बाहेर काढली. दादा, ताई आणि आजी, तिघंच आत. मग थर्मामीटर. नवजात पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. 95 ते 98 फॅरनहाइट असायला हवं. यांचं 92, 91, सगळ्यात बारकीचं 90. आणि ताई ड्रॉपर घेऊन गाईचं दूध पाजायच्या तयारीत. मी अक्षरशः हात धरला. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध आत तसंच पडून राहतं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. आधी ऊब, मग दूध. हे एक वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहायला पाहिजे, कारण माझ्याकडे येणारी निम्मी पिल्लं मायेने पाजूनच मेलेली असतात.

ऊब द्यायची कशी? पूर्वी शंभराचा बल्ब लावला की भागायचं. आता घराघरात एलईडी. उजेड भरपूर, ऊब शून्य. दादांच्या चुलतभावाची पोल्ट्री होती, तिथून ब्रूडरचा बल्ब आणला. सोड्याच्या बाटल्यांत गरम पाणी भरून पायमोज्यात घातल्या. घाई करायची नाही, तासभर तरी लावायचा. पटकन तापवलं तरी पिल्लू जातं.

तोवर रुबी. ताप नव्हता, सड मऊ होते, दाबल्यावर चीक येत होता. स्राव ठीक. धाप मात्र होती आणि पोटाला हात लावला की मान वळवायची. दुखत होतं तिला. दुधातून उतरेल या धास्तीने मी वेदनाशामक हात राखून दिलं होतं. ते वाढवून दिलं. अंग ताठ नव्हतं, थरथर नव्हती, म्हणून कॅल्शियमची शंका मागे ठेवली. कॅल्शियम उतरलं की कुत्री अशीच सैरभैर होते, पण बहुधा ते दूध भरात आल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी.

तिच्या बाजूने विचार करा. पोट दुखतंय म्हणून ती झोपली आणि उठली तर पोटावर टाके आणि शेजारी सहा वळवळणाऱ्या गोष्टी, डेटॉलचा वास येणाऱ्या. नैसर्गिक बाळंतपणात पिल्लू वाटेतून येताना शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे मायेचं आणि पान्ह्याचं संप्रेरक, उसळतं, मग ती पिशवी फाडते, नाळ तोडते, पाणी चाटते, आणि त्या चाटण्यातच पिल्लू तिचं होतं. यातलं काहीही रुबीच्या वाट्याला आलं नव्हतं. तिच्या दृष्टीने ही पिल्लं कुणीतरी आणून टाकलेली होती.

आजी इतका वेळ चुलीपाशी बसल्यासारख्या उकिडव्या बसल्या होत्या. माहेर निफाडकडचं, आयुष्य गोठ्यात गेलेलं. म्हणाल्या, "गाय वासराला लावून घेत नसली का आम्ही वारंचं पाणी चोळायचो त्याच्या अंगाला. वार कुठं टाकली, डाक्टर?"

वार पिवळ्या पिशवीत बांधून ठेवली होती, ती उघडण्यात अर्थ नव्हता. पण टॉवेल! पिल्लं धुण्याआधी ज्या टॉवेलांनी चोळली ते. कॉलेजात मी हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं, पण त्या हॉलमध्ये ते पहिल्यांदा बोललं कोण, तर आजी. याचा मला अजून राग येतो, आजींवर नव्हे.

स्प्लेंडर काढली, परत दवाखाना. बादलीत टॉवेल होते, सर्फच्या पाण्यात. मामांचं काम कधीच शिल्लक राहत नाही. मी अक्षरशः गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे एक नॅपकिन पडला होता, अर्धा वाळलेला, हिरवट डागांचा. तो प्लास्टिकमध्ये घालून जर्किनच्या आत, छातीशी धरून आणला. लोक देवाचा अंगारा आणतात तसा.

सात वाजले होते. पिल्लं 96 वर आली होती, चुळबुळत होती. नॅपकिन कोमट पाण्याने जरासा ओला केला आणि सगळ्यात दणकट पिल्लाच्या पाठीला, ढुंगणाला चोळला. रुबीच्या तोंडाला बँडेजची पट्टी बांधली, डोकं ताईंच्या मांडीवर, कुशीवर निजवली. ऑक्सिटोसिनचं अगदी थोडं इंजेक्शन दिलं. या औषधाचं नाव गोठ्यांनी बदनाम केलंय, म्हशी पान्हवायला वाट्टेल तसं टोचून. पण योग्य मात्रेत, योग्य वेळी त्याच्यासारखं दुसरं नाही. पिल्लू मागच्या सडाला लावलं, तिथे दूध जास्त असतं. मागच्या सडांवर तिला आपलं तोंड लगेच पोचतही नाही, हा दुसरा हिशोब.

पहिली दहा मिनिटं ती नुसती गुरगुरत होती, पट्टीच्या आतून, मोटार लांब कुठेतरी चालू असावी तशी. मग पिल्लाने सड पकडला, पुढचे पाय दोन्ही बाजूंनी दाबायला लागलं. गुरगुर थांबली. मी नॅपकिन तिच्या नाकाशी धरला. ती हुंगत राहिली, खूप वेळ. पट्टीच्या फटीतून जिभेचं टोक आलं आणि नॅपकिनला लागलं.

पट्टी सोडायची का? दादा नको म्हणत होते. मी एक हात तिच्या जबड्याखाली ठेवून सोडली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि चूक झाली असती तर दुसरं पिल्लूही माझ्याच नावावर जमा झालं असतं. तिने नॅपकिन चाटला, मग ज्याच्यावर तो वास होता ते पिल्लू. पाठ, मग शेपटीखाली. नवजात पिल्लाला आपण होऊन लघवी करता येत नाही, आईने चाटावं लागतं. पिल्लाने तिच्या जिभेवर लघवी केली. आजी म्हणाल्या, "घेतलं."

साडेनऊपर्यंत चार झाली. पाचवी ती बारकी, तिला रुबी नाकाने बाहेर ढकलायची. तिला दोन दिवस दर दोन तासांनी ताई आणि थोरली मुलगी यांनी रुबीला धरून पाजलं. रात्रीची पाळी दादांची, शेकोट्या करून आल्यावर. खोकं हॉलमधून आतल्या अंधाऱ्या खोलीत गेलं, भेटायला येणाऱ्यांना आजींनी दारातूनच परतवलं. पिल्लं भाजीच्या डिजिटल काट्यावर रोज मोजायला लावली. बारकी 270 ग्रॅमवरून पहिल्या दिवशी 262 झाली, मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी 291. त्या संध्याकाळी ताईंचा फोटो आला: पाचही एका रांगेत, बारकीच्या अंगावर रुबीची हनुवटी.

आजींनी सुचवलेल्या वासाच्या युक्तीमुळे झालं, की वेदनाशामकामुळे, की गर्दी हटवल्यामुळे, की इंजेक्शनमुळे, मला नक्की सांगता येणार नाही. एका पहाटेत मी सगळंच केलं. एकेक करून बघायला वेळ कुणाकडे होता? आणि कुणी धुतलं नसतं, तरीही तिने चावलं असतं का? काही पहिलटकरणी चावतातच. हे उत्तर मी स्वतःला रोज देतो.

मेलेलं पिल्लू दादांनी बागेच्या बांधावर पुरलं. बिल घेताना मी त्या पहाटेच्या फेरीचे पैसे लावले नाहीत. त्यांना वाटलं डॉक्टर भला माणूस आहे. जाताना दादांनी विचारलं, पुढच्या वेळी नॉर्मल होईल ना? मी नसबंदीची तारीखच लिहून दिली.

आता टेबलाखाली एक वेगळी, कोरडी बादली ठेवलीय. सिझेरियनचे टॉवेल त्यात, आई घरी जाईपर्यंत धुवायचे नाहीत, आणि पिल्लांना पाणी लावायचं नाही. मामांनी का म्हणून विचारलं नाही, ते विचारत नाहीत. परवा मात्र, मी "आईनं चावलं" म्हटल्यावर, ते बराच वेळ फडका पिळत राहिले. मग म्हणाले, "वाईट झालं. कशी चकाचक केली होती आपण."

मी म्हणालो, "हो."