जर्मनटाउनची मंडळी आणि त्यांची भांडणं

फिलाडेल्फियाला येणारा पर्यटक लिबर्टी बेलपुढे फोटो काढतो आणि न्यूयॉर्कची गाडी पकडतो. मी याच शहराच्या जर्मनटाउन भागातला जर्मनटाउन ॲव्हेन्यू गाठला. रस्ता दगडी फरसबंदीचा, त्यात बंद झालेल्या ट्रामचे रूळ अजून तसेच. याच रस्त्यावर ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या ख्रिस्ती पंथाचं १७७० सालचं प्रार्थनाघर आहे. अमेरिकेतली त्यांची पहिली मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा गट, इथली. दगडी भिंती, जुन्या भागाला मनोरा नाही. पाटी वाचली नाही तर कुणाचं तरी राहतं घर समजून पुढे जाल.

१७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी आठ जणांनी एडर नदीत नव्याने बाप्तिस्मा घेतला, तिथून हा पंथ सुरू झाला. मोठ्या माणसाने पुन्हा बाप्तिस्मा घेणं तेव्हा कायद्याने गुन्हा होतं. १७१९ मध्ये पीटर बेकर या विणकराबरोबर काही कुटुंबं जर्मनीतल्याच क्रेफेल्डहून इकडे आली. पण चार वर्षं त्यांची एकत्र उपासनाच झाली नाही! क्रेफेल्डला एका तरुणाने पंथाबाहेरच्या मुलीशी लग्न केलं म्हणून त्याला वाळीत टाकलं होतं. ते भांडण मंडळींनी सामानासोबत जहाजावर चढवलं. इतिहास लिहिणारे ही चार वर्षं एका वाक्यात उरकतात. मला तीच सगळ्यात खरी वाटली. परदेशातलं एखादं महाराष्ट्र मंडळ जवळून पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

शेवटी बेकर घरोघर फिरला, रुसवे काढले. २५ डिसेंबर १७२३ ला विसाहिकन ओढ्यात सहा जणांचा बाप्तिस्मा झाला: पाण्यात गुडघे टेकायचे आणि तीनदा पुढे वाकून डोकं बुडवायचं. मी ऑक्टोबरात त्या पाण्यात हात घातला आणि लगेच काढला. संध्याकाळी प्रीतिभोजन झालं. त्यात आधी एकमेकांचे पाय धुतात, मग जेवतात, मग भाकर आणि द्राक्षारस. वारीत माउली म्हणत एकमेकांच्या पाया पडतात, त्यातलाच हा भाव. त्या रात्री पंगतीला होते तेवीस जण.

पाचच वर्षांत मंडळीतल्याच कोनराड बायसेलने शनिवारच्या शब्बाथावरून, म्हणजे रविवारऐवजी शनिवार हा उपासनेचा दिवस पाळण्यावरून, वेगळी चूल मांडली. १७२९ मध्ये मूळ पुढारी अलेक्झांडर माक स्वतः आला, तरी ती फूट सांधली नाही.

प्रार्थनाघराच्या मागे स्मशानभूमी आहे. तिथे माकच्या जुन्या दगडावर नाव नाही, फक्त दोन आद्याक्षरं, जन्म १६७९, मृत्यू १७३५. पंथसंस्थापकाची समाधी इतकी आखूडशी! आपल्याकडे एव्हाना कमान उभी राहिली असती.

क्रिस्टोफर सावर हा छापखानेवाला इथलाच. १७४३ मध्ये त्याने जर्मन बायबल छापलं. युरोपीय भाषेतलं अमेरिकेत छापलेलं ते पहिलं. त्याचा मुलगा या मंडळीचा धर्मपुढारी झाला. युद्ध नको आणि शपथही नको, हे पंथाचं ठाम मत. स्वातंत्र्ययुद्धात ते या मुलाला महाग पडलं. १७७८ मध्ये त्याला अटक झाली आणि घरदार, छापखाना, सगळ्याचा लिलाव झाला.

आपला धागाही आहे. १८९४ मध्ये या पंथाचे पहिले मिशनरी भारताकडे निघाले. त्यांचं काम गुजरातेत वलसाडला सुरू झालं आणि पुढे इकडे डहाणूपर्यंत आलं; तिथलं ब्रदरन मिशन हॉस्पिटल पालघरकरांच्या ओळखीचं. १९७० मध्ये भारतातली ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट पंथ मिळून झालेल्या चर्चमध्ये, विलीन झाली. काहींना ते पटलं नाही, ते बाहेर पडले आणि मालमत्तेचा वाद कोर्टात गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो विलीनीकरणाच्या विरोधात, ब्रदरन मंडळींच्या बाजूने.