के-४० लेझर: पहिला काप घेण्याआधी

के-४० म्हणजे ४० वॉट सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नळीचं, लेझर किरणाने कापणारं, टेबलावर मावणारं स्वस्त मशीन. खोक्यातून काढल्या काढल्या प्लायवर चालवून बघायचा मोह आवरा.

आधी अर्थिंग. नळीला १५ हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. मल्टीमीटरचा एक प्रोब प्लगच्या अर्थ पिनवर, दुसरा रंग खरवडलेल्या पत्र्यावर. एक ओहमच्या आत रीडिंग हवं. घरातल्या सॉकेटचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्याच.

नळी थंड ठेवणारं पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे त्यातून वीज वाहते. नळीत बुडबुडा अडकला तर काच तिथेच तापून तडकते. पंप चालू ठेवून मशीन तिरकं करा, तो निघून जाईल. पाणी १५ ते २५ अंश ठेवा. नागपुरातल्या मे महिन्यात टाकीत बर्फाची बंद बाटली सोडावी लागते. कोकणात पावसाळ्यात मात्र तसं करू नका, थंड नळीवर दव धरतं आणि ठिणगी उडते.

आता किरण नळीपासून हेडपर्यंत (लेन्स बसवलेल्या, कापणाऱ्या भागापर्यंत) वळवत नेणारे आरसे. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच असतं. दुसऱ्या आरशाच्या तोंडावर मास्किंग टेप लावा, गँट्री (दुसरा आरसा आणि हेड वाहून नेणारा सरकता दांडा) पहिल्या आरशाजवळ आणून टेस्टचं बटण क्षणभर दाबा. मग गँट्री लांब नेऊन पुन्हा दाबा. दोन करपट ठिपके वेगळ्या जागी पडले, तर पहिल्या आरशाचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून लांबचा ठिपका जवळच्यावर आणा. जवळच्याला हलवायच्या नादी लागू नका, दिवस जाईल. ठिपके मध्यभागी नसले तरी आत्ता चालेल. एकावर एक पडणं महत्त्वाचं. तसंच पुढे दुसऱ्या आरशावरून हेडकडे, डावीकडे आणि उजवीकडे. ठिपके जुळूनही मध्य चुकत असेल, तर नळीची किंवा आरशाच्या स्टँडची उंची बदला. प्रत्येक वेळी झाकण बंद, कारण हा किरण डोळ्यांना दिसत नाही.

लेन्सची फुगीर बाजू वर. लेन्सपासून फोकसचं अंतर ५०.८ मिलिमीटर, ३ मिलिमीटर ॲक्रिलिक कापताना फोकसचा बिंदू जाडीच्या मध्यावर, म्हणजे पृष्ठभागाखाली दीड मिलिमीटर ठेवा.

नळीतला विजेचा प्रवाह १५ मिलिअँपिअरच्या वर नेऊ नका, आयुष्य घटतं. रेक्झिन किंवा पीव्हीसी कधीच नाही: त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो. शंका असली तर तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली, की तो तुकडा बाजूला ठेवा.